सातवर संपणारा पत्ता

बेळगावात आमच्या गल्लीत कुणाच्या घरी लग्नकार्य निघालं की पहिली धाव बस्तीच्या भांडीखोलीकडं असायची. समाजाची मोठी पातेली, पराती, डाव, झारे, पाण्याची पिंपं, सगळं त्या खोलीत. प्रत्येक भांड्यावर बस्तीचं नाव आणि नंबर घातलेला. काही वर्षं त्या खोलीची वही माझ्या आजीकडं होती. कुणी काय नेलं, कधी परत आणलं, ते ती लिहायची. तिचा एक नियम होता. एखादं मोठं पातेलं कधीकधी दोन घरांत मिळून जायचं, सकाळी एकीकडं आणि संध्याकाळी दुसरीकडं. अशा वेळी वहीत त्या नंबरापुढं दोन रेघा. एक घर ‘झालं आमचं’ म्हणून सांगायला आलं की एक रेघ खोडायची. दोन्ही रेघा खोडल्याशिवाय ते पातेलं तिसऱ्या घराला द्यायचं नाही, कितीही गळ घातली तरी.

लहानपणी मला हा नियम उगाचचा वाटायचा. पुढं मी पोटासाठी जे काम धरलं ते नेमकं अशाच वहीचं निघालं, आणि त्या वहीतली एक रेघ मीच घालायला विसरले. त्याचा आळ मात्र दुसऱ्याच मुलीवर गेला. ती गोष्ट सांगायची आहे.

मी हैदराबादला एका कंपनीत आहे. डेटा साठवायची मोठी मशीनं आम्ही बनवतो. त्या मशीनांत लिनक्स चालतं. १९९१ साली लिनस टॉरवाल्ड्स नावाच्या फिनलंडमधल्या एका विद्यार्थ्यानं ते लिहायला घेतलं, आणि पुढं जगभरच्या हजारो लोकांनी वाढवलं. आपल्या हातातल्या अँड्रॉइड फोनच्या पोटातही तेच आहे. त्याचा गाभा म्हणजे कर्नल. माझं काम त्या कर्नलमधलं. बस्तीत भेटणाऱ्या काकू विचारतात, “तू नक्की करतेस तरी काय गं तिथं?” तेव्हा मी सांगते, “आजी करायची तेच. भांडीखोलीची वही.” त्या हसतात. पण यात गंमत अशी काही नाही, खरंच तसं आहे.

कॉम्प्युटरवर चालणाऱ्या प्रत्येक प्रोग्रॅमला मेमरी लागते. ती कुणी परस्पर घ्यायची नाही, कर्नलकडं मागायची. बहुतेक मशीनांवर कर्नल मेमरीची वाटणी ४०९६ बाइटच्या पानांत करतं. पण कर्नलला स्वतःच्या कामासाठी छोट्या छोट्या जागाही लागतात, त्यासाठी पानांचे ठरावीक मापांचे कप्पे पाडलेले असतात : ६४, ९६, १२८, १९२, २५६ असे. तुम्हाला १८० बाइट हवे असतील तर १९२ च्या कप्प्यातली जागा मिळते. २०० हवे असतील तर २५६ च्या. मापाचं भांडं नसलं की त्याच्यावरचं उचलायचं, तसंच हे. काम झालं की जागा परत करायची, मग ती दुसऱ्या कुणाला तरी मिळते. हे कप्पे लक्षात राहू द्या, पुढं लागतील.

या कामातली सगळ्यात वाईट चूक म्हणजे परत केलेली जागा पुन्हा वापरणं. समजा, पहिल्या घरानं पातेलं परत केलं. ते दुसऱ्या घरी गेलं आणि त्यांनी त्यात खीर शिजवायला ठेवली. इतक्यात पहिल्या घरची एक बाई, जिला परत केल्याचं कुणी सांगितलेलंच नाही, सवयीनं येऊन त्यात आमटीची फोडणी ओतून गेली. नासली कुणाची? दुसऱ्या घरची खीर. पंगतीत बोल कुणाला? दुसऱ्या घराला. फोडणी ओतणारी तोवर आपल्या घरी. तिला स्वतःलाही पत्ता नाही.

हे व्हायला नको म्हणून आजीच्या रेघांसारखीच सोय कर्नलमध्ये असते. एक जागा किती जण वापरताहेत त्याचा आकडा ठेवायचा. नवा माणूस वापरायला लागला की एक वाढवायचा, त्याचं झालं की एक कमी करायचा. शून्य झाल्यावरच जागा परत. नियम इतका साधा आहे की शाळेतल्या मुलीलाही कळेल. पण तो पाळायचा तर प्रत्येक वेळी, प्रत्येकानं.

त्या वर्षी श्रावणात आमची नवीन आवृत्ती चाचणीला गेली आणि मशीन पडायला लागलं. रोज नाही. भरपूर काम टाकून सोडलं की कधी वीस तासांनी, कधी तीस तासांनी. पडताना कर्नल स्क्रीनवर शेवटचं काहीतरी लिहून जातं. कुठल्या फंक्शनमध्ये पडलो, तिथं कुठून आलो, हाताशी कोणते आकडे होते. दर वेळी एकच जागा यायची. एखाद्या प्रोग्रॅमला दिलेली मेमरी काढून घेतानाचं एक फंक्शन. तिथं एका रचनेत पुढच्या जागेचा पत्ता लिहिलेला असतो. तो पत्ता धरून गेलं की भलतीकडंच पोचायचं, आणि मशीन कोसळायचं.

ते फंक्शन माझ्या टीममधल्या एका मुलीकडं होतं. कॉलेजातून येऊन तिला दीडच वर्ष झालेलं. मला ती अक्का म्हणायची. तेलुगूतही मोठ्या बहिणीला अक्काच म्हणतात, आमच्या बेळगावकडं म्हणतात तसंच. त्यामुळं मलाही ते परकं वाटायचं नाही.

नेमक्या कुठल्या बदलामुळं बिघडलं ते शोधायची एक पद्धत आहे, बायसेक्ट म्हणतात तिला. जुनी आवृत्ती चांगली, नवी वाईट, मधे पाचशेच्या आसपास बदल. बरोबर मधला बदल घ्यायचा, मशीन चालवून बघायचं. पडलं तर दोष अलीकडच्या अर्ध्यात नाही, आधीच्या अर्ध्यात. असं निम्मं निम्मं करत गेलं की पाचशे बदलांतून एकावर यायला नऊच फेऱ्या लागतात. पण आमची प्रत्येक फेरी दोन-दोन दिवसांची, कारण ‘पडलं नाही’ असं म्हणायला तेवढं थांबावं लागायचं. तीन आठवडे गेले. शेवटी बोट एका बदलावर आलं. तिच्या. त्या रचनेत तिनं दोन नवे रकाने वाढवले होते.

मीटिंगमध्ये मी सांगितलं, “हिच्या बदलामुळं होतंय.” बायसेक्टचा पुरावा होता, क्रॅश तिच्याच फंक्शनमध्ये होता, आणखी काय हवं? ती एवढंच म्हणाली, “अक्का, मी फक्त दोन रकाने वाढवलेत. त्यानं मशीन कसं पडेल?” माझ्याकडं उत्तर नव्हतं. पण उत्तर तिनं द्यायचं असं मी धरून चालले. तिचा बदल काढून टाकला आणि मशीन पडायचं थांबलं. सगळे मोकळे झाले. नोंदीत कारण म्हणून तिच्या बदलाचा नंबर लागला.

आणि एक गोष्ट मी पाहिली होती, पाहून सोडली होती. कर्नलमधल्या अशा रचनांचे पत्ते आठच्या पटीत असतात. लॉगमधला तो बिघडलेला पत्ता सातवर संपत होता. आठच्या पाढ्यात सातवर संपणारं काही येत नाही. बाकी सगळा पत्ता बरोबर दिसत होता, फक्त शेवटी आठच्या जागी सात. कुणीतरी त्यातून एक वजा केला होता. बारा वर्षं हे काम करणाऱ्या बाईनं तिथंच थांबायला हवं होतं. वजा कुणी केला, असं विचारायला हवं होतं. पण दोषी आधीच सापडली होती. मग आकडे नीट वाचायचे कशाला?

तेवढ्यात दशलक्षण पर्व आलं. दहा दिवस जमेल तसे उपवास, संध्याकाळी ऑनलाइन प्रवचन. मग भाद्रपद वद्य प्रतिपदेला क्षमावाणी. सगळ्यांसारखाच मीही सकाळी उठून एक सुबक मेसेज शे-दीडशे जणांना धाडला. वर्षभरात माझ्याकडून कळत-नकळत काही चुकलं असेल तर क्षमा करावी, वगैरे. ऑफिसातल्यांनाही पाठवला, तिलाही. तिनं हात जोडल्याचं चित्र उलट पाठवलं. माझी क्षमावाणी संपली.

दिवाळीच्या आधीच्या एका सोमवारी ती लॅपटॉप घेऊन माझ्यापाशी आली. शनिवार-रविवार कुणाला न सांगता तिनं एक प्रयोग केला होता. आपला बदल तिनं परत आणलाच नव्हता. जुन्याच रचनेत फक्त सोळा बाइटची रिकामी जागा वाढवली होती. त्यात काही लिहायचं नाही, त्यातून काही वाचायचं नाही, नुसती पोकळी. आणि मशीन सव्वीस तासांनी पडलं होतं.

“अक्का, रिकामी जागा काय चूक करणार?” ती म्हणाली.

मी बराच वेळ त्या लॉगकडं बघत राहिले. मग तिनंच पुढचं सांगितलं. तिची रचना आधी १९२ बाइटमध्ये मावत होती. सोळा वाढल्यावर २०८ झाली आणि २५६ च्या कप्प्यात गेली. म्हणजे बिघाड तिच्या रचनेत नव्हता, शेजारात होता. २५६ च्या कप्प्यात आधीपासून कुणीतरी फोडणी ओतत होतं. तिचं पातेलं तिथं गेल्यावर खीर नासली, एवढंच. बायसेक्टनं खोटं सांगितलं नव्हतं. कधीपासून दिसायला लागलं, हे त्यानं अचूक सांगितलं. चूक कुणाची, हे आम्ही त्याला विचारलंच नव्हतं, तरी उत्तर मात्र तेच धरलं.

त्या दिवशी आम्ही दोघींनी मिळून कर्नलची एक तपासणी चालू केली. ती लावली की परत आलेली प्रत्येक जागा कर्नल एका ठरावीक खुणेनं भरून ठेवतं. ‘६बी’ हा आकडा, ओळीनं, जागेच्या जवळजवळ शेवटापर्यंत. जागा पुन्हा देताना बघायचं की ‘६बी’ तसेच आहेत ना. कुठं बदल दिसला तर परत केल्यानंतर कुणीतरी हात लावलाय. आजी रिकाम्या पातेल्याला आतून राख लावून ठेवायची आणि बोट उमटलं तर ओळखायची, असं समजा. ही तपासणी लावली की मशीन मंद होतं, म्हणून एरवी बंद ठेवतात.

बुधवारी सकाळी अहवाल आला. ‘६बी ६बी ६बी ६बी’ अशा ओळीच्या ओळी, आणि चोविसाव्या बाइटनंतर एकाच ठिकाणी ‘६ए’. ६बी मधून एक वजा केला की ६ए. परत केलेल्या जागेतला कुठलातरी आकडा कुणीतरी एकानं कमी केला होता. तिच्या रचनेत त्याच ठिकाणी पुढच्या जागेचा पत्ता येत होता. आठवर संपणाऱ्या त्या पत्त्याचा सात तिथं झाला होता.

ती खाली सरकवून पुढचं वाचायला लागली : ही जागा आधी कुणी घेतली होती, कुणी परत केली. मला वाचायची गरज नव्हती. चोवीस बाइट सोडून पुढं ‘किती कामं बाकी’ याचा आकडा ठेवणारी रचना मला पाठ होती. ती चार वर्षांपूर्वी मी लिहिली होती.

चूक अशी. एखादं काम थोड्या वेळानं करायचं असेल तर कर्नलमध्ये ते ‘नंतर कर’ म्हणून रांगेत टाकता येतं. माझं एक काम असं रांगेत जायचं आणि झालं की माझ्या रचनेतला बाकी कामांचा आकडा एकानं कमी करायचं. पण रांगेत टाकताना, ‘हे कामही ही जागा वापरतंय’ ही रेघ वहीत घालायला मी विसरले होते. मशीनवर भार नसला की काम वेळेत व्हायचं, काही बिघडायचं नाही. भार वाढला की काम मागं राहायचं, तोवर बाकीच्यांच्या रेघा खोडल्या जाऊन जागा परत गेलेली असायची. मग मागून आलेलं काम परक्याच्या भांड्यातून एक वजा करून जायचं. चार वर्षं ते बहुतेक रिकाम्या जागेतून वजा करत होतं, म्हणून कुणाला कळलं नाही.

दुरुस्ती दोन ओळींची. रांगेत टाकण्याआधी रेघ घाल, काम झालं की खोड.

आता खरी गोष्ट इथून सुरू होते. कर्नलच्या कामात प्रत्येक बदलाबरोबर एक चिठ्ठी लिहावी लागते : काय केलं, का केलं. दुरुस्ती असेल तर खाली ‘फिक्सेस’ म्हणून एक ओळ घालायची, आणि ज्या जुन्या बदलानं ही चूक आणली त्याचा नंबर लिहायचा. हा आमचा लहरी नियम नाही, लिनक्सवर काम करणारे सगळे पाळतात. कुणी कुठली ओळ लिहिली ते दाखवणारी एक कमांड आहे, तिचं नावच ‘ब्लेम’. पण ‘ब्लेम’ दुसरं कुणीतरी येऊन करतं. ‘फिक्सेस’ आपण आपल्या हातानं लिहितो.

मनात आलं, खोटं कशाला सांगू? ‘मेमरीची सुरक्षितता वाढवली’ असं मोघम लिहिलं असतं तर चाललं असतं. ते खोटंही नव्हतं. खाली नंबर नसता घातला तर कुणी विचारलं नसतं. पंधरा मिनिटं मी ती चिठ्ठी तशीच उघडी ठेवून बसले होते. आणि तेव्हा मला माझा क्षमावाणीचा मेसेज आठवला. तोही असाच होता. सुबक, खोटा नव्हे, आणि नंबर नसलेला.

याच क्षेत्रातली एक गोष्ट मला माहीत होती. २०१६ साली लिनक्सच्या मेमरी सांभाळण्याच्या भागात ‘डर्टी काऊ’ नावानं गाजलेला बग सापडला. साध्या वापरकर्त्याला ज्या फाइलवर लिहायची परवानगी नाही, तिच्यावरही लिहिता यायचं. २००७ पासून तो तिथं होता. दुरुस्ती स्वतः टॉरवाल्ड्सनी केली, आणि चिठ्ठीत सरळ लिहिलं की हा जुनाच बग आहे, अकरा वर्षांपूर्वी मीच तो दुरुस्त करायचा प्रयत्न केला होता आणि नीट केला नव्हता. सगळं जग वाचतं तिथं लिहिलं. तेवढ्यानं त्यांचं काही कमी झालं नाही.

मी माझ्या जुन्या बदलाचा नंबर घातला. खाली, हे शोधून काढण्याचं श्रेय म्हणून तिचं नाव.

पुढच्या मीटिंगमध्ये बोलायची वेळ आली तेव्हा मात्र चिठ्ठीइतकं सोपं गेलं नाही. मी म्हणाले, “दीड-दोन महिन्यांपूर्वी याच खोलीत मी म्हटलं होतं की क्रॅश हिच्या बदलामुळं होतोय. ते चूक होतं. बग माझ्या ओळीत आहे. लॉगमधला पत्ता सातवर संपत होता. तो मला दिसला होता, आणि मी त्याचा विचार केला नाही.” कुणी फारसं काही बोललं नाही. साहेब म्हणाले, “बरं झालं सापडला, पुढचा मुद्दा घेऊ.” एवढंच.

चहाच्या मशीनपाशी ती भेटली. म्हणाली, “अक्का, तुमचा तो मेसेज आला होता ना, त्याला मी हात जोडले होते. पण कशाबद्दल आहे ते तेव्हा कळलं नव्हतं.”

सगळं भरून निघालं असं मात्र नाही. तिचं त्या सहामाहीचं मूल्यमापन मधल्या काळात होऊन गेलं होतं. मी वरपर्यंत लिहून कळवलं. फाइलला माझं पत्र जोडलं गेलं, आकडा बदलला नाही. वर्षभरानं ती दुसऱ्या कंपनीत गेली, चांगल्या जागी. अजून फोन करते, अजून अक्काच म्हणते. पण तो आकडा माझ्या मनातून जात नाही, आणि जाऊही नये.

आपल्याकडं ‘आलोचना’ म्हणजे दुसऱ्यावर टीका नव्हे. आपला दोष आपण होऊन गुरूंपुढं मांडणं, हा आपला अर्थ. लहानपणापासून आलोचना पाठ म्हणत आले, पण मांडणं म्हणजे काय ते मला हैदराबादच्या ऑफिसात कळलं. ‘कळत-नकळत काही चुकलं असेल तर’ यात ‘असेल तर’ आलं की मांडणं राहूनच जातं. कुठली ओळ, कुठल्या दिवशी, कुणाला लागली, हे सांगितल्याशिवाय समोरच्याला आपली क्षमा ओळखूच येत नाही. ती ठेवायची कुठं, हेही त्याला कळत नाही.

पुढच्या भाद्रपदात मी तो मेसेज कुणालाच पाठवला नाही. काही जणींना वाईट वाटलं असेल. त्याऐवजी तीन फोन केले. त्यातला एक आमच्या जाऊबाईंना. त्यांच्या मुलीच्या लग्नाच्या वेळी चार बायकांत मी काय बोलले होते, ते शब्द न बदलता त्यांना सांगितलं, आणि त्याबद्दल क्षमा मागितली. पलीकडं बराच वेळ आवाज नव्हता. मला वाटलं फोन कट झाला.

मग त्या म्हणाल्या, “मला वाटलं, तू विसरलीस.”